पाचोळा हंगामी, ओला कचरा रोजचा: शहराने दोहोंचा मेळ कसा घालावा?

वहीवाला (मूळ प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

आमच्या शहरातील जैविक कचऱ्याचे काय करावे याचा आराखडा ठरवण्यासाठी एक समिती नेमण्यात आली असून नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून माझे नाव तिच्यात घालण्यात आले आहे. मी पेशाने हिशेबतपासनीस. खत, जिवाणू, यंत्रे यांतले मला काही कळत नाही, आणि समितीतल्या बाकीच्यांनाही फारसे कळत असावे असे दिसत नाही. म्हणून येथील जाणकारांपुढे विषय नीट मांडतो.

सध्या तीन प्रकारचा माल निघतो. घरांतून आणि उपाहारगृहांतून रोज येणारा ओला कचरा हा पहिला. रस्ते, बागा आणि आवारे झाडून गोळा होणारा पालापाचोळा आणि कापलेले गवत हा दुसरा. तो वर्षभर थोडाथोडा येतो आणि पानगळीत मात्र डोंगराएवढा होतो. छाटणीच्या आणि वादळात मोडून पडलेल्या फांद्या हा तिसरा. हे तिन्ही एकाच गाडीत बसून एकाच मैदानावर जाऊन पडतात. जे गाडीत मावत नाही ते पहाटे रस्त्याच्या कडेला पेटवले जाते. त्याला मनाई आहे, पण धूर रोज दिसतो.

काही वर्षांपूर्वी खताचा एक प्रकल्प उभारला होता. तो बंद पडण्याच्या थोडे आधी मी पाहून आलो होतो. पुरुषभर उंचीचा, चिखलासारखा चकाकणारा काळा ढीग, त्याच्या पायथ्यातून पाझरणारे पाणी, आणि घरी येऊन कपडे बदलले तरी नाकातून न जाणारा वास, एवढे आठवते. आजूबाजूच्या वस्तीच्या तक्रारी वाढल्या आणि वर्षाच्या आत दाराला कुलूप लागले. आता समितीपुढे प्रस्ताव आहे तो 'चोवीस तासांत खत' करून देणाऱ्या बंदिस्त यंत्राचा. माहितीपत्रक मोठे गुळगुळीत आहे; सोबत नमुन्याची एक पुडीही आली आहे.

तर हे तिन्ही प्रकार एकत्र गोळा करावेत की वेगळे? यंत्र घ्यावे, उघड्यावर राशी लावाव्यात, की बायोगॅसकडे वळावे? आणि तयार झालेले खत घेणार कोण? मागच्या प्रकल्पाचे खत शेवटपर्यंत गोण्यांतच पडून राहिले, हे मी हिशेबाच्या कागदांत पाहिले आहे.

खतखड्डा

वहीवाला यांस,

माझी बरीच वर्षे कंपोस्टच्या राशींवर गेली आहेत, त्यामुळे आपला तो चकाकणारा काळा ढीग वाचताक्षणी डोळ्यांसमोर उभा राहिला. माझा कयास असा, की तो प्रकल्प बंद पडला तो पाचोळ्याच्या अभावी, आणि तो पाचोळा त्याच वेळी रस्त्याच्या कडेला जळत होता.

आपल्या भाषेत 'कुजणे' आणि 'सडणे' असे दोन शब्द आहेत. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण ढिगावर काम करणाऱ्याने त्यांत गल्लत करून चालत नाही. हवा खेळती असली की माल कुजतो: तापतो, त्यातून वाफ निघते, आकार निम्म्यावर येतो आणि शेवटी पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. हवा कोंडली की तोच माल सडतो, आम्ले आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतात, मिथेन निघतो आणि शेजारीपाजारी अर्ज लिहायला बसतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात वजनाने ७० ते ८० टक्के पाणीच असते आणि त्याला स्वतःचा सांगाडा नसतो. ढीग लावला की तो आपल्याच भाराने खाली बसतो आणि आतल्या हवेच्या वाटा बुजतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओल आहे पण हवाही आहे, तीच स्थिती राशीत हवी. ती आणून देणारी वस्तू म्हणजे सुका पाला आणि लाकडाचे तुकडे.

दुसरी बाजू अन्नाची. सूक्ष्मजीवांना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) साधारण २५ ते ३० भागांस एक या प्रमाणात लागतात. ओल्या कचऱ्यात हे प्रमाण १५ ते २० च्या घरात असते, म्हणजे नत्र जास्त. ते अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि नाकाला झोंबते. सुक्या पानांत प्रमाण ५० च्या आसपास असते, लाकडाच्या भुशात कित्येक शेकडे. म्हणजे एकाचा दोष दुसरा झाकतो.

आपण हिशेबतपासनीस आहात, म्हणून आकडाच मांडतो. एक टन ओला कचरा घ्या आणि त्यात ८० टक्के पाणी धरा. त्यात १५ टक्के ओलीचा सुका पाला मिसळून एकूण ओल ६० टक्क्यांवर आणायची असेल, तर सुमारे ४४५ किलो पाला लागतो. गंमत अशी, की ओलीसाठी काढलेल्या या प्रमाणातच कर्ब-नत्राचे गुणोत्तरही जवळपास ३० वर येऊन बसते. आता शहर दिवसाला १० टन ओला कचरा वेगळा काढत असेल, तर रोज जवळजवळ साडेचार टन आणि वर्षाला सुमारे १,६०० टन सुका पाला हाताशी हवा. ओला कचरा मात्र बाराही महिने रोज येतो आणि पाला काही आठवड्यांत येऊन जातो. सगळी मेख इथे आहे. पानगळीत पाला साठवला नाही, तर पुढचे आठ-दहा महिने तुमची रास चकाकत राहणार, मग यंत्र कोणतेही आणा.

हे माझे डोके नव्हे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत खताची जी पद्धत बसवली, तिचे मुख्य अंगच हे होते, की वर्षभर पुरेल इतका सुका, मिश्र, बारीक केलेला पाला नेहमी तयार असावा. शंभर वर्षे होत आली, आणि आपण अजून तो जाळतो आहोत.

तेव्हा गोळा करताना तिन्ही प्रकार वेगळे ठेवावेत आणि मिसळायचे ते खतकेंद्रावर, फावड्याच्या हिशेबाने. गाडीत आपोआप झालेले मिश्रण कधीच प्रमाणात नसते. फांद्या चिपर यंत्रातून काढून त्यांचे दोन-तीन बोटे लांबीचे तुकडे करावेत. हे तुकडे एका फेरीत पूर्ण कुजत नाहीत. खत चाळताना चाळणीवर राहिलेले तुकडे पुन्हा नव्या राशीत घालता येतात आणि तेवढा पाला वाचतो. आमच्याकडे पाला संपला की शेवटचे दोन महिने आम्ही याच तुकड्यांवर काढत असू.

रास लावताना उंची दीड ते अडीच मीटर आणि रुंदी त्याच्या दुप्पट ठेवावी. ओल तपासायला उपकरण लागत नाही. आतला माल मुठीत घेऊन जोराने दाबावा: बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा आणि मूठ उघडली तर गोळा तसाच राहावा. पाण्याची धार लागली तर पाला घाला. गोळा सुटून पडला तर पाणी शिंपडा. उष्णतेचे निकष जास्त काटेकोर आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ साली मैलागाळासाठी घातलेला आणि पुढे खताच्या क्षेत्रात सर्वत्र वापरला गेलेला नियम असा, की उघड्या राशीत ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान १५ दिवस राहिले पाहिजे आणि त्या काळात रास किमान पाच वेळा उलटली पाहिजे. बंदिस्त पात्रात तेच तापमान तीन दिवस पुरते. रोगजंतू आणि तणांचे बी मरण्यासाठी हे आवश्यक आहे. ७० च्या पुढे गेले की मात्र कामाचे सूक्ष्मजीवही मरू लागतात, तेव्हा रास उलटावी.

आता चोवीस तासांचे यंत्र. एका दिवसात ते माल तापवते, दळते आणि वाळवते. वजन घटते ते मुख्यतः पाणी उडाल्यामुळे. कुजण्याची क्रिया जेमतेम सुरू झालेली असते. खरे कंपोस्ट तापण्याच्या टप्प्यात काही आठवडे आणि त्यानंतर मुरण्यात एक ते तीन महिने घेते. या यंत्राचा माल झाडाला घातला आणि पाणी दिले की राहिलेली क्रिया कुंडीत सुरू होते, नत्र ओढले जाते आणि रोप पिवळे पडते. आपल्याकडे नमुन्याची पुडी आहे ना? त्यातले मूठभर बरणीत घ्या, ओलसर करा, झाकण लावून सावलीत तीन-चार दिवस ठेवा आणि मग उघडा. मुरलेल्या खताला मातीचा वास येतो. पुढचे आपणच पाहा.

माळीबुवा

खतखड्डा यांचे गणित मान्य आहे, पण त्यांना सगळा पाला केंद्रावर हवा आहे आणि मला तो शक्य तितका झाडाखालीच हवा आहे. उचलावाच न लागलेला पाला हा सर्वांत स्वस्त पडतो, हे हिशेबतपासनीस मान्य करतील.

हिरवळ कापताना पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये आणि कापलेले गवत तिथेच पसरू द्यावे. बारीक तुकडे काही दिवसांत जिरतात आणि त्यांतले नत्र हिरवळीला परत मिळते. हेच गवत पिशवीत भरून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी पिशवी गरम लागते आणि तिसऱ्या दिवशी तोंड उघडवत नाही. उद्यानांतला पाला झाडांच्या आळ्यांत पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचा पसरावा. खोडाला मात्र भिडवू नये, साल कुजते. जिथे कोपरा मोकळा आहे तिथे नुसता पाला जाळीच्या कुंपणात रचून ठेवावा. वर्ष-दोन वर्षांत बुरशी त्याची काळी, भुसभुशीत पानमाती करते. त्यासाठी यंत्र, वीज, मजूर काही लागत नाही, आणि रोपवाटिकेत तिला तोड नाही.

रस्त्यावरच्या पाल्याची गोष्ट वेगळी. तो लगेच उचलला पाहिजे, कारण पाऊस पडला की भिजलेल्या पानांतला स्फुरद (फॉस्फरस) चहाच्या अर्कासारखा पाण्यात उतरतो आणि गटारांवाटे तळ्यात जाऊन शेवाळ वाढवतो. अमेरिकेतील मॅडिसन शहरात तेथील भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने केलेल्या अभ्यासात पानगळीच्या काळात रस्ते वेळच्या वेळी झाडले तेव्हा पावसाच्या पाण्यातला स्फुरद ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. पण रस्त्याच्या झाडलोटीत काच, खडी, टायरची भुकटी आणि जड धातूही येतात. म्हणून यांत्रिक झाडूने गोळा केलेला पाला बागेच्या पाल्यात कधीही मिसळू नये. त्याचा ढीग वेगळा, चाचणी वेगळी आणि वापरही वेगळा असावा: रस्त्यांचे उतार, भराव, बंद झालेल्या कचरामैदानावरचे आच्छादन.

दोन धोके खतकेंद्रावाल्यांच्या लक्षात उशिरा येतात. पहिला, तणनाशक. क्लोपिरॅलिड वर्गातली तणनाशके हिरवळीवर मारली आणि ते गवत खतात गेले, तर कुजण्याच्या उष्णतेनेही ती पुरती नाहीशी होत नाहीत आणि अगदी सूक्ष्म प्रमाणातही टोमॅटो आणि शेंगवर्गीय रोपांची पाने मुडपतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००० च्या सुमारास यामुळे शहराच्या खताची पतच गेली होती. उपाय साधा आहे: प्रत्येक घाण्यातले थोडे खत कुंडीत घेऊन त्यात घेवड्याचे बी पेरावे आणि पाने सरळ फुटतात का ते पाहावे. दुसरा धोका किडीचा. एमराल्ड ॲश बोरर ही अॅश वृक्ष पोखरणारी कीड २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळली आणि पुढे सरपणाच्या व ओंडक्यांच्या वाहतुकीतून दूरवर पसरली. रोगट झाडाच्या फांद्या पाडल्या त्याच जागी अडीच सेंटिमीटरपेक्षा बारीक कराव्यात. मग पुढे न्याव्यात.

जावक-बारनिशी

वरच्या दोघांनी मालाचे सांगितले, मी कागदाचे सांगतो, कारण असे प्रकल्प कागदावरच आधी मरतात.

कंत्राटदाराला आत आलेल्या टनांवर पैसे देणारा करार करू नये. आवकेवर पैसे दिले की आवक वाढते. गाडीत माती भरते, भिजवलेला कचरा येतो आणि वजनकाट्याची नोंदवही सुंदर दिसते. देयकाचा मोठा भाग बाहेर पडलेल्या, चाचणीत उतरलेल्या खताशी बांधावा आणि चाळणीवर राहणाऱ्या टाकाऊ मालाला मर्यादा घालावी. ती मर्यादा ओलांडली तर कोणत्या गल्लीतून प्लास्टिक येते, हे शोधण्याची जबाबदारी कंत्राटदार आणि पालिका या दोघांचीही असावी. प्लास्टिक हे काढायचे ते पहिल्या दारातच. एकदा ते राशीत गेले आणि रास दोनदा उलटली, की एका पिशवीच्या शंभर चिंध्या होतात आणि त्या कोणत्याही चाळणीला सापडत नाहीत. 'कुजणाऱ्या' पिशव्यांवरही आंधळा विश्वास ठेवू नये. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकानुसार अशा वस्तूचे १२ आठवड्यांत ९० टक्के तुकडे दोन मिलिमीटरपेक्षा बारीक व्हायला हवेत. ज्या केंद्राची फेरी सहा आठवड्यांची आहे, तिथे ही पिशवी पिशवीच राहते. पाल्यासाठी जाड कागदाच्या गोण्या किंवा सरळ उघडी गाडी बरी.

कायद्याबद्दल थोडक्यात. दक्षिण कोरियाने २००५ पासून अन्नकचरा थेट कचराभूमीत टाकण्यास बंदी घातली आणि २०१३ पासून जितका टाकाल तितके शुल्क अशी पद्धत देशभर आणली. युरोपीय संघाने सदस्य देशांना ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत जैविक कचरा वेगळा गोळा करणे किंवा जागीच जिरवणे बंधनकारक केले. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा करून कचराभूमीत जाणारा जैविक कचरा २०१४ च्या तुलनेत २०२५ पर्यंत ७५ टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठेवले. मला त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो तो खरेदीचा: प्रत्येक शहराने दर माणशी वर्षाला ०.०८ टन जैविक कचऱ्यापासून होईल तितके खत, आच्छादन किंवा वायू स्वतः विकत घ्यायचा. म्हणजे बारा माणसांमागे जवळपास एक टन कचऱ्याची सोय शहर स्वतःच गिऱ्हाईक होऊन लावते.

आपल्या गोण्या पडून राहिल्या त्याचे कारण इथे शोधावे. उद्यान खाते दरवर्षी माती आणि खत बाहेरून घेते की नाही, रस्ते खाते दुभाजकांत काय भरते, हे त्यांच्या खरेदीच्या फायलींतून काढा. त्या गरजेचा आकडा केंद्राच्या क्षमतेच्या आधी हातात हवा. आणि खत विकताना त्याला रासायनिक खताचा पर्याय म्हणू नये. कंपोस्टमध्ये नत्र साधारण एक ते दोन टक्के असते, युरियात ४६. शेतकरी तुलना करतो आणि हसतो. मातीचा पोत सुधारणारी आणि पाणी धरून ठेवणारी वस्तू म्हणून विकले तर तोच शेतकरी दुसऱ्या वर्षी परत येतो.

वहीवाला

आपणा सर्वांचे आभार. उद्यान खात्याची गेल्या तीन वर्षांची खरेदी मी मागवली आहे; मातीच्या गाड्यांची देयके पाहून मला आमच्या गोण्या आठवल्या.

दोन शंका राहिल्या. समितीतील एका सदस्यांचा आग्रह आहे, की सगळेच, पाल्यासकट, बायोगॅस संयंत्रात घालावे, म्हणजे वासही नाही आणि वीजही मिळते. आणि दुसरे, इतका सुका पाला एका ठिकाणी साठवला तर आगीचे काय?

विरजण

बायोगॅसच्या बाजूने बोलणारा मी, पण पाल्यासकट हे जमणार नाही. संयंत्रातले सूक्ष्मजीव हवेविना जगणारे असतात आणि लाकडाला व सुक्या पानांना ताठपणा देणारे लिग्निन त्यांना जवळजवळ फोडताच येत नाही. ते काम हवेत जगणाऱ्या बुरशीचे. पाला आत घातला तर तो वर तरंगतो, त्याची साय धरते आणि ढवळणीच्या पात्यांत अडकतो. फांद्यांचा तर विचारच नको. ताजे हिरवे गवत मात्र थोड्या प्रमाणात चालते.

ओल्या कचऱ्यासाठी संयंत्र उत्तम आहे. अन्नकचरा स्वच्छ असेल तर टनामागे १०० घनमीटर किंवा त्याहून काहीसा अधिक वायू मिळतो आणि त्यात मिथेन ५५ ते ६५ टक्के असतो. 'स्वच्छ' या शब्दावर मात्र जोर आहे. एकदा काटे, चमचे आणि प्लास्टिक आत गेले की टाकी रिकामी करून तळ खरवडावा लागतो, आणि ते काम ज्याने एकदा पाहिले तो वर्गीकरणाबद्दल पुन्हा वाद घालत नाही. शिवाय पोटासारखीच याला सवय लागते. एका दिवशी दुप्पट भरले तर आम्लता वाढते आणि वायू आठवडे बंद पडतो.

संयंत्रातून शेवटी पातळ स्लरी निघते. ती गाळली की उरणारा चोथा ओला आणि नत्रयुक्त असतो, आणि तो नीट मुरवायला पुन्हा सुका पालाच लागतो. म्हणजे संयंत्र घेतले तरी खतखड्डा यांची पाल्याची कोठी टळत नाही. फक्त लहान होते.

खतखड्डा

विरजण यांनी माझे काम सोपे केले.

आगीची भीती रास्त आहे. पाल्याचा ढीग अर्धवट ओला झाला की आत कुजण्याची उष्णता धरतो, आणि ढीग उंच असेल तर ती बाहेर पडू शकत नाही. बाहेरून थंड दिसणारा ढीग आतून धुमसू लागतो. आम्ही साठवणीच्या राशी तीन मीटरच्या वर जाऊ देत नसू, दोन राशींमध्ये पाण्याची गाडी फिरेल इतकी वाट ठेवत असू आणि पाला आधी श्रेडरमधून, म्हणजे बारीक करणाऱ्या यंत्रातून, काढून ताडपत्रीखाली शक्य तितका कोरडा ठेवत असू. दर आठवड्याला एक माणूस दीड-दोन मीटर लांबीची लोखंडी सळई राशीत खुपसून थोड्या वेळाने काढायचा. सळईचे टोक हातात धरवले नाही की ती रास त्याच दिवशी फोडायची. धूर दिसलेली रास मात्र फावड्याने फोडू नये. हवा लागताच भडका उडतो. आधी पाण्याची सोय उभी करावी.

वासाबद्दलही दोन शब्द. राशीखालची जमीन पक्की आणि किंचित उताराची असावी, राशी उताराच्या दिशेने लावाव्यात, म्हणजे पाणी तुंबत नाही. पाझरलेले काळे पाणी टाकीत घेऊन नव्या, तापायच्या राशीवरच शिंपडावे, तयार खतावर कधीही नाही. ओला कचरा आल्या दिवशीच मिसळून वर तयार खताचा वीतभर थर द्यावा, तोच गाळणीचे काम करतो. संध्याकाळी वारा पडतो आणि वास जमिनीलगत साचतो, म्हणून रास उलटायची ती दुपारी. उलटताना बुरशीचे बीजाणूही उडतात. इंग्लंडमध्ये यासाठी घरे किंवा कामाची ठिकाणे २५० मीटरच्या आत असतील तर वेगळी तपासणी लागते. जागा निवडताना निदान तेवढे अंतर धरा आणि कामगारांना मुखपट्ट्या द्या.

सुरुवात करायची असेल तर या पानगळीत काहीही बांधू नका. एक मोकळी जागा, एक श्रेडर, ताडपत्र्या आणि वजनकाटा एवढ्यावर पाला फक्त साठवा आणि दर दिवसाची नोंद ठेवा. किती येतो हे कळल्याशिवाय ओल्या कचऱ्याच्या केंद्राची क्षमता ठरवता येणार नाही, आणि जो पाला साठला तो त्या वर्षी जळला नाही एवढे तर नक्कीच पदरात पडेल.

वहीवाला

बरणीचा प्रयोग केला. पुडीतले मूठभर 'खत' ओले करून, झाकण लावून माळ्यावर ठेवले होते. आज चौथा दिवस. झाकण फिरवताच जो वास आला तो मी कुठे घेतला होता हे आठवायला क्षणभरही लागला नाही. तोच, त्या कुलूप लागलेल्या प्रकल्पाचा. घरच्यांनी बरणी तत्काळ गच्चीवर न्यायला लावली आहे.

पुढच्या बुधवारी बैठक आहे. पाल्यासाठी मोकळी जागा आणि वजनकाटा यांचा ठराव मी लिहून ठेवला आहे, उद्यान खात्याच्या खरेदीचा तक्ता त्याला जोडला आहे, आणि बरणी झाकणाला चिकटपट्टी लावून सोबत नेणार आहे.